भिंत दाखव

मायक्रोस्कोपवरून डोकं उचलून कुणी म्हटलं, "मॅडम, बुरशी आहे," तर नाखवा मॅडम लगेच उठून येत नसत. हातातलं काम चालू ठेवून विचारत, "भिंत दिसली?"

मग आपली पंचाईत. नवख्या माणसाला स्लाइडवर सगळंच बुरशीसारखं दिसतं. कापसाचा तंतू, काचेवरचा ओरखडा, हवेच्या बुडबुड्याची कड. मॅडमचं म्हणणं असं, की या सगळ्यांना कड असते, भिंत नसते. बुरशीच्या धाग्याला दोन्ही बाजूंनी भिंत असते. दोन समांतर रेषा, आणि त्यांच्यामध्ये जिवंत माल. "त्या दोन रेषा सापडेपर्यंत मला हाक मारू नको. आधी भिंत दाखव, मग बुरशी म्हण."

मी पनवेलच्या एका खाजगी हॉस्पिटलच्या लॅबमध्ये टेक्निशियन म्हणून लागले तेव्हा त्या तिथल्या मायक्रोबायोलॉजिस्ट होत्या. डॉ. यमुना नाखवा. उरणच्या कोळी घरातल्या. वडिलांची होडी होती, आई पनवेलच्या बाजारात मासळी विकायला बसायची. त्या घरातली ही पहिली मुलगी डॉक्टर झाली, आणि डॉक्टर होऊन गेली कुठे, तर पेशंट समोर येतच नाही अशा विषयाकडे. येते ती त्याची बाटली, त्याचा बोळा, त्याच्या नखाचा तुकडा.

"आईला शेवटपर्यंत कळलं नाही मी काय करते ते," त्या सांगायच्या. "शेजारणींना म्हणायची, माझी पोरगी दवाखान्यात बुरशी बघते. त्या म्हणायच्या, बुरशी तर आमच्या घरी पण दिसते, त्याला डॉक्टर कशाला व्हायला पाहिजे?"

हे सांगतानाही त्या हसत नसत. ऐकणारा हसला तर त्याच्याकडे जरा नवलाने बघत.

ठेंगणी, सावळी मूर्ती. सुती साडी, वर एप्रन. मायक्रोस्कोपपुढे बसण्याआधी चपला काढून बाजूला ठेवायच्या आणि पाय स्टुलाच्या दांडीवर घ्यायच्या. होडीत चपला घालून कोण बसतं, असं त्यांचं उत्तर असे. दुपारी बाराला डबा. त्यात सुके बोंबील असले तर अख्ख्या मजल्याला कळायचं. एकदा वासाची तक्रार झाली आणि ऑफिसातून निरोप आला, की मॅडमनी डबा खाली कॅन्टीनमध्ये खावा. त्या स्वतः ऑफिसात गेल्या. म्हणाल्या, "लॅबच्या मजल्यावर खाऊ नये हे बरोबर आहे. तेवढंच कारण लिहा. वासाचं लिहू नका." त्या दिवसापासून त्या मागच्या जिन्याच्या पायरीवर बसून जेवू लागल्या. पुढे मीही तिथेच बसायला लागले.

माझ्या पहिल्या महिन्यातच त्यांनी डब्यातून कोलंबीची सालं आणली. दोन टेस्टट्यूब घेतल्या, दोन्हींत पोटॅशचं द्रावण ओतलं. एकीत कोलंबीच्या मांसाचा तुकडा टाकला, दुसरीत साल. म्हणाल्या, उद्या बघ. दुसऱ्या दिवशी पहिल्या नळीत नुसतं गढूळ पाणी होतं. दुसरीत साल तसंच, उलट जास्त स्वच्छ, काचेसारखं.

"हे कायटिन," त्या म्हणाल्या. "चिंबोरीच्या कवचात हेच, झुरळाच्या पंखात हेच, बुरशीच्या भिंतीतही हेच. कातडीचा कोंडा आपण पोटॅशमध्ये का टाकतो ते कळलं? माणसाचं विरघळतं. बुरशीचं राहतं."

मग कागदावर पेन्सिलीने एक लांबट बोट काढलं. ते बुरशीच्या धाग्याचं टोक. भिंत एकदा बांधून झाली असं कधी होत नाही, ती टोकाशी सतत बांधली जात असते, असं त्यांनी सांगितलं. आतून बारीक बारीक पिशव्या टोकाकडे येतात. त्यांतून येतात कारागीर. ते भिंतीलगतच्या पडद्यात जाऊन बसतात, आतला कच्चा माल घेतात आणि बाहेरच्या अंगाला कायटिनचा धागा सोडत राहतात. जुनी भिंत टोकाशी जरा मऊ करायची, नवी घालायची, पुढे सरकायचं. जास्त मऊ झाली तर धागा फुटून मरेल, कमी झाली तर अडकून बसेल. "एवढं तोलून काम करतो तो," त्या म्हणाल्या. बुरशीला त्या 'तो' म्हणत. शिवी कधी देत नसत. कुणी 'घाण' म्हटलं तर म्हणत, "तो घाण नाही. तो शेजारी आहे. आपल्या घरात घुसला की मग बघू."

आणखी एक गोष्ट त्यांनी त्या दिवशी सांगितली, ती मी अजून नव्या मुलींना सांगते. आपल्या पेशीला भिंत नसते. नुसता पातळ पडदा. म्हणून माणसाच्या मांसात अशी भिंत दिसली, तर ती आपली नाही, एवढं नक्की धरायचं.

उलव्याला विमानतळाच्या बाजूने इमारती उठत होत्या तेव्हा मजुरांच्या पत्र्यांच्या वस्तीत गजकर्णाची साथ होती. मॅडम महिन्यातून एकदा तिथे जायच्या. हॉस्पिटलने सांगितलं म्हणून नव्हे, सुट्टीच्या दिवशी, स्वतःहून. मला बरोबर घ्यायच्या. एका पिशवीत स्लाइड, बोथट ब्लेड, खरवडलेला कोंडा ठेवायला काळ्या कागदाच्या घड्या. जमिनीवर फतकल मारून बसायच्या आणि एकेकाची पाठ, कंबर, जांघ बघायच्या. चट्ट्याच्या मधली कातडी बरी दिसते, कड लाल असते. नवखा माणूस मध्येच खरवडतो. त्या कडेला खरवडायच्या. "बांधकाम कडेला चालू असतं. मधली जागा सोडून तो पुढे गेला."

जवळजवळ सगळ्यांनी दुकानातून कसलंतरी मलम आणून लावलेलं असायचं. दोन दिवसांत खाज जायची, महिन्याभरात चट्टे दुप्पट. त्या मलमात खाज दाबायचं औषध होतं, बुरशी मारायचं नव्हतं. अंगातला राखणदार तेवढा झोपायचा.

तिथे परभणीकडची काशीबाई नावाची एक बाई होती. पोटावर, कमरेवर, काखेत गजकर्ण पसरलं होतं. वर्षभर तिने कुणाला दाखवलं नव्हतं. नवऱ्याला कळल्यावर त्याने तिचं अंथरूण दाराबाहेर टाकलं होतं, आणि सासूने पिठाला हात लावू देणं बंद केलं होतं. पत्र्यामागे साडीचा आडोसा करून मॅडमनी तिला तपासलं. बाहेर आल्यावर नवरा उभा होता, वस्तीतल्या पाचसात बायका उभ्या होत्या. मॅडम खाली बसल्या आणि काशीबाईला म्हणाल्या, "चहा कर. तुझ्या हातचा."

ती घाबरली. "नको बाई, माझ्या हातचं कुणी घेत नाही."

"म्हणून तर सांगते. साखर कमी टाक."

चहा आला. मॅडमनी तो सगळ्यांसमोर सावकाश प्याला, मला दिला, मीही प्याले. मग नवऱ्याला म्हणाल्या, "हे कपड्याने पसरतं, पंचा एक वापरला की पसरतं. तुझ्या पाठीवरही आहे, तुझं तुला दिसत नाही एवढंच. चहाने पसरत नाही. हिचं अंथरूण आत घे. कपडे वेगळे धुवा, उन्हात वाळवा. गोळ्या दोघांनी घ्यायच्या, मी सांगेन तेवढे दिवस."

परतताना रिक्षाची वाट बघत आम्ही एका अर्धवट इमारतीपुढे उभ्या होतो. वरच्या मजल्यावर सळया उभ्या होत्या, खाली काँक्रीट भरलं होतं, एका बाजूला गिलावा झाला होता. मॅडम बोट करून म्हणाल्या, "बघ, तसंच आहे. आत कायटिन, त्या सळया. त्यावर ग्लुकन, ते काँक्रीट. आणि सगळ्यात बाहेर साखर लावलेल्या प्रथिनांचा थर, तो गिलावा. आपल्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी त्या ग्लुकनवरून बुरशी ओळखतात. म्हणून काही जाती ते गिलाव्याखाली झाकून ठेवतात. आणि एक औषध आहे, ते काँक्रीट घालणंच बंद पाडतं. तर तो काय करतो? सळया वाढवतो."

"मग मरतो कसा?"

"कधी मरतो, कधी नाही. म्हणून आधी तो कोण आहे ते ओळखायचं. सगळ्यांच्या भिंती सारख्या नसतात."

हे वाक्य त्या वेळी मी नुसतं ऐकलं.

रिपोर्टच्या बाबतीत त्यांचा एक नियम होता. दिसलं ते लिहायचं, वाटलं ते फोन करून सांगायचं. आणि फोन त्या उभ्या राहून करायच्या. वाईट बातमी असली तर हमखास. मी एकदा जिन्यावर जेवताना विचारलं, उभ्या का राहता?

त्यांनी हातातला घास डब्यात परत ठेवला. मग त्यांनी सांगितलं, की शिकून नुकत्या बाहेर पडल्या होत्या तेव्हा दुसऱ्या एका गावी, एका दवाखान्यात, दिवसांआधी जन्मलेल्या बाळाच्या रक्ताच्या दोन बाटल्या त्यांच्याकडे आल्या. एकाच बाटलीत यीस्टसारखी बुरशी वाढली. त्यांना ती खरी वाटत होती. वरचे डॉक्टर म्हणाले, एवढ्याशा बाळाचं रक्त काढताना कातडीवरचं काहीतरी आलं असेल, लिही तसं. त्यांनी तसं लिहिलं. चौथ्या दिवशी बाळ गेलं. नंतरच्या बाटल्यांत तीच बुरशी होती.

"वरच्यांनी सांगितलं होतं ना?" मी म्हटलं.

"सही माझी होती," मॅडम म्हणाल्या. "त्याची आई दाराशी आली होती. मी खुर्चीत बसून सांगितलं तिला. उठले सुद्धा नाही. तिला काय वाटलं असेल?"

मग डबा बंद करून त्या आत गेल्या. त्यानंतर या विषयावर आम्ही कधी बोललो नाही. पण आमच्या लॅबमध्ये बुरशी वाढते का बघायला ठेवलेली प्लेट चार आठवड्यांच्या आत कधी फेकली गेली नाही.

कोरोनाची दुसरी लाट आली तेव्हा मॅडमच्या निवृत्तीला थोडा काळ उरला होता. लाट ओसरायला लागली आणि काळी बुरशी आली. नाकाचे, टाळूचे तुकडे बाटल्यांतून येऊ लागले. आम्ही दिवसभर पोटॅशमध्ये ते घालत होतो. कपडे उजळ दिसावेत म्हणून साबणाच्या पावडरीत जो रंग घालतात, त्याच जातीचा एक रंग आम्ही त्यात टाकायचो. तो कायटिनला धरतो. खास दिव्याखाली धागे निळेपांढरे चमकतात. अंधाऱ्या पडद्यावर ते इतके सुंदर दिसत, की बघताना अपराधी वाटे.

त्यातच हिरामण आला. मॅडमचा धाकटा भाऊ. न्हावा शेव्याच्या बंदरातून कंटेनर नेणारा ट्रेलर चालवायचा. साखरेचा आजार होता, त्यात कोरोना झाला, त्यातून उठला, घरी गेला. आठवड्याने उजवा गाल दुखायला लागला, डोळा सुजला, मग त्या डोळ्याने दिसेनासं झालं. त्याला आमच्याकडेच दाखल केलं.

वॉर्डच्या डॉक्टरांनी त्याचं रक्त मुंबईला पाठवलं होतं, बुरशीच्या ग्लुकनच्या तपासणीसाठी. निगेटिव्ह आलं. वॉर्डमधून हिरामणच्या बायकोला सांगण्यात आलं, की चांगली बातमी आहे, बुरशी दिसत नाही. ती धावतच लॅबमध्ये आली. "बाय, नाय म्हनतान. बुरशी नाय."

मॅडमनी रिपोर्ट हातात घेतला, वाचला, टेबलावर ठेवला. उभ्या राहिल्या.

"वहिनी, हा रिपोर्ट खोटा नाही. पण त्यांनी जे शोधलं ते या बुरशीच्या भिंतीत नसल्यातच जमा असतं. याची भिंत वेगळी असते. जे नाहीच ते रक्तात कुठून सापडेल?"

वहिनीला काय कळलं कोण जाणे. ती मॅडमच्या चेहऱ्याकडे बघत दाराशीच खाली बसली.

मॅडमनी डॉ. मुकादमांना फोन लावला. कान-नाक-घशाचे सर्जन, पनवेलचे जुने, मॅडमशी वीस वर्षं भांडत आलेले. "मुकादम, नाकातून तुकडा काढून द्या. आत्ता."

"बाई, वॉर्डवाले म्हणतात निगेटिव्ह आहे."

"म्हणून तर आत्ता."

तासाभरात त्यांनी स्वतः बाटली आणून दिली. तुकडा काळपट होता. मी स्लाइड केली, वर काच ठेवली. मॅडम चपला काढून बसल्या, डोळे लावले. जेमतेम अर्धं मिनिट बघितलं असेल. मग स्टूल मागे सारून उठल्या.

"वैशाली, तू बघ."

"मॅडम, तुम्ही बघितलं ना?"

"माझा भाऊ आहे. आज मला जे दिसतं ते मला दिसतंय की मला भीती वाटतेय, मी सांगू शकत नाही. तू बघ, आणि जे दिसेल ते बोल. मी भिंतीकडे तोंड करते."

आणि त्या खरंच पाठमोऱ्या उभ्या राहिल्या. मी बघितलं. रुंद, फितीसारखे धागे. मध्ये आडवे पडदे जवळजवळ नाहीत. फांद्या काटकोनात फुटलेल्या, काळ्या बुरशीच्या असतात तशा. दोन्ही बाजूंना बारीक, स्पष्ट रेषा. मी एकेक सांगत गेले.

"काटकोन नक्की?"

"नक्की."

"सगळीकडे की एका जागी?"

"सगळीकडे, मॅडम."

त्यांनी रिपोर्ट लिहिला, सही केली.

स्कॅनमध्ये बुरशी डोळ्याच्या खोबणीत शिरलेली दिसली. डोळा हलत नव्हता, उजेडही कळत नव्हता. मुकादम म्हणाले, खोबण रिकामी केली नाही तर बुरशी मेंदूत जाईल. हिरामण ऐकायला तयार नव्हता. मॅडम मला घेऊन वॉर्डमध्ये गेल्या. संरक्षणाचा सगळा पोशाख अंगावर चढवून, मास्क लावून. तो उशीला टेकून बसला होता. चेहऱ्याची उजवी बाजू सुजून चकचकीत झाली होती.

"टेस्ट निगेटिव हाय ना?" तो म्हणाला. "मंग माजा डोला का काढतंस?"

मॅडमनी सांगितलं, जेवढं सोपं करून सांगता येईल तेवढं. घरची बोली त्या लॅबमध्ये कधी बोलत नसत, तेव्हा बोलल्या. "त्या डोल्यात आता काय नाय रं. उजेड पन नाय. ठेवलास तर तू ऱ्हात नाय."

"एका डोल्यानं ट्रेलर चालवाला देतान का मना?"

"नाय देत."

"मंग मी काय करू? घरात बसू?"

मॅडमनी त्याच्या अंगावरून घसरलेली चादर वर ओढली.

"आनि तू चुकलीस तर? डोला गेल्यावर कलला की बुरशी नव्हती, तर?"

"तर माज्या हातानं गेला असा समज. दुसऱ्या कुनाचा नाव घेव नको."

त्याने कागद मागितला आणि सही केली. सही करताना बहिणीकडे बघितलं नाही.

डोळा गेला. त्याबरोबर गालाचं थोडं हाड गेलं. नंतर औषधाच्या बाटल्यांसाठी कुठे कुठे वणवण झाली, ते त्या दिवसांत ज्यांच्या घरी हा आजार होता त्यांना सांगायला नको. त्या औषधाने त्याची किडनी थोडी दुखावली. पण हिरामण जगला. काढलेल्या मांसाच्या तपासणीत बुरशी खोबणीच्या मागच्या टोकापर्यंत सापडली. आणखी दोन दिवस थांबलो असतो तर उपयोग नव्हता, असं मुकादमांनी त्याच्या तोंडावर सांगितलं.

तरीही तो मॅडमशी बोलेना.

त्या चुकल्या नव्हत्या हे त्याला कळत होतं. त्याचं दुःख वेगळं होतं. ट्रेलर गेला, लायसन गेलं, आणि घरात कुणी हाक मारली तरी मान पूर्ण वळवावी लागते. या सगळ्याला एक चेहरा हवा होता, आणि मॅडमनी तो आपणहून दिला होता. दर रविवारी त्या उरणला जायच्या. त्या ओटीवर आल्या की तो आत जायचा. त्या वहिनीबरोबर मासळी साफ करायच्या, निवडणं-टिपणं करायच्या, आणि संध्याकाळच्या आत परत यायच्या. सोमवारी मी विचारायचे, "बोलला?" त्या नाही अशी मान हलवायच्या आणि प्लेट बघायला घ्यायच्या. वर्ष गेलं असेल असं.

मॅडमच्या नोकरीच्या शेवटच्या महिन्यांत गव्हाण बाजूची एक तरुण बाई त्याच आजाराने आली. साखर भरमसाट वाढलेली. डोळा काढायला ती नको म्हणत होती. मुलं लहान आहेत, ती मला बघून घाबरतील, म्हणत होती. मॅडमनी समजावलं, मुकादमांनी समजावलं. तिने भिंतीकडे तोंड फिरवलं. मुकादमांनी मॅडमना न विचारता हिरामणला फोन केला.

तो दुसऱ्या दिवशी सकाळी आला. काळा चष्मा लावून, इस्त्रीचा शर्ट घालून. तिच्या खाटेशी खुर्ची ओढून बसला. मी तिचं रक्त घ्यायला गेले होते, म्हणून हे मी पाहिलं. त्याने चष्मा काढला. जिथे डोळा होता तिथे मांडीच्या कातडीचा तुकडा लावलेला होता, सपाट.

"बग," तो म्हणाला. "असा दिसतो. माजी लहान पोर पहिल्यांदी रडली. आठ दिस रडली. आता इथं बोट लावून झोपते."

ती बघत राहिली.

"मी पन नाय म्हनत होतो. माज्या बहिनीनं काढवला. मी तिच्याशी बोलत नाय." त्याने चष्म्याच्या काड्या मिटल्या. "पन बोलाला मी हाय. नायतर नसतो."

बाईने दुपारी सही केली.

वॉर्डमधून उतरून हिरामण लॅबच्या दाराशी आला. आत येऊ का, असं त्याने मला विचारलं. मॅडम पाठमोऱ्या बसल्या होत्या. मी काही बोलायच्या आत तो म्हणाला, "माजी काच हाय का ठेवलेली?"

मॅडम वळल्या. त्याला बघून उठल्या. कपाटातून लाकडी पेटी काढली, तिच्यातून एक स्लाइड. काढलेल्या मांसाचा पातळ काप, रंग देऊन कायमचा केलेला. शिकवायला वापरायचा आमचा एका डोळ्याने बघायचा जुना मायक्रोस्कोप पुढे ओढला, स्लाइड लावली, नीट जुळवून बाजूला सरकल्या.

"एक डोळा लाव. दुसरा..." आणि त्या थांबल्या.

"दुसरा मिटाला नको मना," हिरामण म्हणाला, आणि वाकला.

त्याने फोकसचं चाक जरा फिरवून बघितलं.

"ह्या काल्या रेषा?"

"हो."

"दोन-दोन दिसतान."

"ती त्याची भिंत. दोन्ही बाजूंची. मधे तो."

"आनि हे गुलाबी?"

"तो तू."

तो खूप वेळ बघत राहिला. मान न उचलता म्हणाला, "चांगलाच आत गेला होता गो बाय." वर्षभराने त्याने तिला बाय म्हटलं. मॅडमनी हात पुढे केला, त्याच्या पाठीवर ठेवायला, आणि मग तो मायक्रोस्कोपच्या बाजूला टेकवला. मी उठून बाहेर गेले.

निवृत्त झाल्यावर मॅडम उरणलाच राहायला गेल्या. निरोप समारंभ नको म्हणाल्या. शेवटच्या दिवशी चार आठवड्यांच्या प्लेटांची यादी माझ्याकडे दिली, कुठली कधी उघडायची ते समजावलं, आणि रिक्षात बसून गेल्या. पुढच्या पावसाळ्यात त्या गेल्याचा फोन आला. झोपेतच गेल्या म्हणे. बातमी मला दुसऱ्या दिवशी कळली, त्यामुळे जाणं झालं नाही. हिरामणला नंतर भेटून आले.

त्याआधी एकदाच त्यांना पाहिलं होतं. उरणला माझ्या नणंदेकडे चालले होते, एसटीच्या खिडकीत बसून. बंदराकडून येणाऱ्या ट्रेलरांची रांग लागली होती आणि आमची गाडी थांबली होती. रस्त्याच्या कडेने मॅडम आणि हिरामण चालले होते. त्याच्या हातात पिशवी, त्यांच्या हातात छत्री, मिटलेली. दोघं बोलत होती, काय ते ऐकू येत नव्हतं. एके ठिकाणी खोदकामामुळे त्यांना रस्ता ओलांडून पलीकडे जावं लागलं. पलीकडे पोचल्यावर हिरामणची उजवी, न दिसणारी बाजू रहदारीकडे आली. मॅडम बोलता बोलता त्याच्या मागून फिरल्या आणि त्याच्या उजव्या हाताला आल्या. तो थांबला नाही, त्याने मान वळवली नाही, फक्त पिशवी उजव्या हातातून डाव्या हातात घेतली. दोघं चालत राहिली. मग आमच्यापुढचा ट्रेलर हलला, आणि मधे आला.